दार-ए-सलामचे गुरुजी

आज १४ ऑक्टोबर. इथे सार्वजनिक सुट्टी आहे, म्हणून एरवी सकाळी सातलाच गजबजणारा दार-ए-सलाममधल्या आमच्या उपांगा भागातला रस्ता नऊ वाजले तरी शांत होता. १९९९ साली याच तारखेला लंडनच्या एका रुग्णालयात ज्युलियस न्येरेरे गेले. ते टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, पण इथे आल्यापासून त्यांचं पूर्ण नाव घेताना मी फार कमी जणांना ऐकलंय. सगळे म्हणतात 'म्वालिमू', म्हणजे शिक्षक. आपल्याकडे ज्या मायेनं 'गुरुजी' म्हणतात, अगदी तसं.

ते खरोखरच शिक्षक होते. शहराबाहेर पुगूच्या मिशन शाळेत शिकवायचे. १९५४ मध्ये त्यांच्या पुढाकारानं स्वातंत्र्य मागणारा 'टानू' पक्ष उभा राहिला आणि वर्षभरात नोकरी की राजकारण असा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला. १९६४ मध्ये झांझिबारशी त्याचं एकत्रीकरण झालं आणि पुढे टांझानिया हे नाव आलं.

मला त्यांची खरी ओळख झाली ती भाजीच्या टोपलीपाशी. माठासारखी म्चिचाची जुडी देताना आमची भाजीवाली मामा (इथे मामा म्हणजे आई) मला 'दादा' म्हणाली आणि मी चमकले. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, आणि काका म्हणजे भाऊ! पैसे म्हणजे पेसा, विमा म्हणजे बिमा, आंबा म्हणजे एम्बे, लाख म्हणजे लाकी. वयानं मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हणायचं आणि त्यानं 'माराहाबा' म्हणायचं, हेही तिनंच शिकवलं. ही मामा एका जमातीची, तिच्याशेजारी नारळ विकणारा दुसऱ्या जमातीचा, आमचा वॉचमन तिसऱ्या. देशात शंभराहून जास्त जमाती आहेत, पण भांडण असो की लग्न, सगळं एकाच भाषेत. न्येरेरेंची स्वतःची मातृभाषा झानाकी, एका लहानशा जमातीची. तिचा आग्रह न धरता त्यांनी सगळा देश स्वाहिलीवर उभा केला, प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत आणलं. शेक्सपियरचं 'ज्युलियस सीझर' त्यांनी स्वतः स्वाहिलीत उतरवलं. भाषेवर इतका जीव असलेल्या नेत्यापुढे माझं मन आपोआप झुकतं.

आपल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. ऑक्टोबर १९६१ मध्ये, स्वातंत्र्य दोन महिन्यांवर असताना, इथल्या विधिमंडळात नागरिकत्वावर वाद झाला. नागरिकत्व फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळावं, असं काही सदस्यांचं म्हणणं होतं. तसं झालं असतं तर पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले गुजराती, गोवेकर, पंजाबी सगळे परके ठरले असते. न्येरेरे ठाम राहिले. कातडीच्या रंगावर नागरिकत्व ठरणार असेल तर सरकार राजीनामा देईल, असं त्यांनी बजावलं. पुढे भारतीय वंशाचे अमीर जमाल अनेक वर्षं त्यांचे अर्थमंत्री होते.

आणि याच न्येरेरेंच्या सरकारनं १९७१ मध्ये एक लाख शिलिंगांहून जास्त किमतीच्या, भाड्यानं दिलेल्या इमारती ताब्यात घेतल्या. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, पण मालक बहुतेक भारतीय वंशाचेच होते. कितीतरी कुटुंबं त्यानंतर कॅनडा-ब्रिटनला निघून गेली. शहरातल्या किसुटू भागातल्या जुन्या इमारतींच्या दारांवरची गुजराती अक्षरं वाचताना मला दरवेळी त्यांची आठवण येते.

'उजामा', म्हणजे कुटुंबभाव. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यातून आलेलं त्यांचं हे स्वप्न सुंदर होतं, पण १९७३ नंतर लाखो शेतकऱ्यांना नव्या गावांत हलवताना जबरदस्ती झाली. पीक घटलं. विरोधकांना खटल्याविना डांबणारा कायदाही त्यांच्याच काळातला, आणि पक्ष एकच. हे मी झाकणार नाही. १९७८-७९ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्या फौजा हुसकावून त्याची सत्ता उलथवली, पण त्या युद्धानं तिजोरी रिकामी केली. साखर-साबणासाठी रांगा लागायच्या, हे इथल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांना आठवतं.

तरीही लोकांच्या बोलण्यात जो आदर आहे तो कशामुळे, हे मी वॉचमनला विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्वालिमूंनी खुर्ची स्वतः सोडली, आणि ते घरी गेले." १९८५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडलं. त्या काळात आफ्रिकेत असं करणारे नेते अगदी मोजके. मग ते बुटियामा या आपल्या गावी जाऊन शेती करू लागले. अखेरच्या वर्षांत बुरुंडीतल्या यादवीत मध्यस्थी करत होते, ते काम अर्ध्यावर राहिलं आणि नेल्सन मंडेलांनी पुढे नेलं.

त्यांची समाधी बुटियामालाच आहे. वॉचमनचं गाव तिथून जवळ, मारा प्रांतात, आणि डिसेंबरात तो सुट्टीवर जाणार आहे. मीही येऊ का, म्हणून विचारलं. "कारिबू (या ना), दादा," तो म्हणाला, आणि बस कुठून पकडायची ते सांगू लागला.