आकाशनकाशा ॲप रिॲक्ट नेटिव्ह ०.७६ वर: नव्या रचनेची नोंद

मागील नोंदीच्या वेळी माझे आकाशनकाशा ॲप रिॲक्ट नेटिव्हच्या, म्हणजे जावास्क्रिप्ट लिहून मोबाइल ॲप बनवण्याच्या चौकटीच्या, ०.७२ आवृत्तीवर होते. आता ते ०.७६ वर आले असून नव्या रचनेसह अँड्रॉइड आणि आयओएस या दोन्हींवर व्यवस्थित चालत आहे. या कामात बराच वेळ गेला, आणि त्यातला बहुतेक वेळ आवृत्ती बदलण्यात नव्हे, तर फोनची दिशा कळवणाऱ्या माझ्याच सेन्सर मॉड्यूलची मांडणी नव्याने करण्यात गेला. म्हणून ही नोंद मुख्यतः त्याविषयी आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. फेसबुकने २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह खुले केले, तेव्हापासून जावास्क्रिप्ट आणि नेटिव्ह बाजू (म्हणजे फोनच्या प्रणालीसाठी थेट लिहिलेला कोड) यांच्यामध्ये ब्रिज नावाचा दुवा होता. एका बाजूचा निरोप जेसन या मजकूररूपात बांधायचा, रांगेत लावायचा, पलीकडे उलगडायचा आणि उत्तर हवे असेल तर तेही त्याच वाटेने मागवायचे, अशी ती पद्धत होती. नव्या रचनेत ही रांग नाही. जेएसआय या सी प्लस प्लसमधील थरामुळे जावास्क्रिप्टला नेटिव्ह वस्तूंशी थेट व्यवहार करता येतो. त्यावर पडदा रेखाटणारे फॅब्रिक आणि नेटिव्ह सुविधा पुरवणारी टर्बो मॉड्यूल्स उभी आहेत. ही रचना २०२२ मधील ०.६८ आवृत्तीत ऐच्छिक म्हणून आली, ऑक्टोबर २०२४ मधील ०.७६ पासून ती आपोआप चालू असते, आणि ०.८२ पासून जुन्या रचनेवर परत जाण्याची सोयच उरलेली नाही.

थेट ०.८२ वर उडी न मारता मी ०.७६ वर जाणीवपूर्वक थांबलो. या आवृत्तीत एक खूण बदलून तेच ॲप जुन्या आणि नव्या अशा दोन्ही रचनांवर बांधता येते. त्यामुळे एखादा दोष आढळला की तो आवृत्ती बदलल्यामुळे आला की रचना बदलल्यामुळे, हे दोन बिल्ड (बांधून तयार झालेली ॲप) शेजारी ठेवून ठरवता येते. ज्यांच्या ॲपमध्ये स्वतः लिहिलेले नेटिव्ह कोड आहे, त्यांनी हा मुक्काम टाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मधल्या पायऱ्या मी एकेक करून चढलो. प्रत्येक पायरीला दोन आवृत्त्यांतील फरक दाखवणाऱ्या अपग्रेड हेल्परमध्ये पाहून ग्रेडल आणि पॉडच्या, म्हणजे अँड्रॉइड आणि आयओएस बिल्डच्या, फाइली हाताने जुळवल्या. त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. अपवाद ०.७४ चा, कारण तिच्यात मांडणीचे गणित करणारे योगा हे इंजिन ३.० वर गेले. उलट्या क्रमाच्या आडव्या ओळीत डावा आणि उजवा समास पूर्वी अदलाबदल होऊन लागू पडत असे, ती चूक तिथे दुरुस्त झाली. मी तारकासमूहांच्या सूचीत त्या चुकीला धरूनच समास उलटे लिहिले होते, त्यामुळे दुरुस्तीनंतर माझी सूची कडेला चिकटली. समास सरळ केल्यावर ती जागेवर आली.

आता सेन्सरकडे वळतो. फोन आकाशाच्या ज्या दिशेला धरला असेल, तो भाग पडद्यावर दाखवणे हे या ॲपचे मुख्य काम आहे. त्यासाठी अँड्रॉइडवर रोटेशन व्हेक्टर सेन्सर आणि आयओएसवर कोअर मोशन यांच्याकडून फोनची स्थिती चार आकड्यांच्या क्वाटर्निअनच्या रूपात मिळते. माझे जुने मॉड्यूल दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, हे आकडे घटनेच्या रूपात जावास्क्रिप्टकडे पाठवत असे. ॲपमध्ये येल ब्राइट स्टार कॅटलॉगमधील ९,०९६ तारे आहेत. फोन वेगाने फिरवला की दृश्यातील ताऱ्यांच्या जागा काढण्यात जावास्क्रिप्ट मागे पडे आणि निरोप साचत जात. परिणामी मृग नक्षत्रापाशी फोन थांबवला, तरी नकाशा क्षणभर पुढे सरकत राही आणि मग व्याधाचा तारा जागेवर येई.

नवी रचना चालू करताच हा दोष जाईल अशी माझी अपेक्षा होती, पण तसे घडले नाही. जुने मॉड्यूल जुळवणीच्या थरामार्फत, म्हणजे जुना कोड चालवून घेणाऱ्या सोयीमार्फत, नव्या रचनेवर विनातक्रार चालले, मात्र नकाशाचे सरकणेही तसेच राहिले. कारण रांग आता ब्रिजची नसली, तरी घटनांची होतीच. नेटिव्ह बाजू विचारल्याशिवाय सांगत राहणार आणि जावास्क्रिप्ट एकेक जुना निरोप ऐकत बसणार, ही मांडणी मी बदललेली नव्हती.

तेव्हा व्यवहाराची दिशाच उलटी केली. आता नेटिव्ह बाजू सेन्सरकडून आलेली शेवटची स्थिती फक्त जपून ठेवते, आणि जावास्क्रिप्ट प्रत्येक फ्रेमच्या आरंभी ‘या क्षणी फोन कसा आहे?’ असे विचारून उत्तर तिथल्या तिथे घेते. जुन्या रचनेतही थेट उत्तर देणारी मेथड (मॉड्यूलमधील एक क्रिया) लिहिता येत असे, परंतु क्रोममधील डीबगिंगमध्ये ती चालत नसे आणि ती टाळण्याचाच सल्ला दिला जाई. टर्बो मॉड्यूलमध्ये मात्र ही नेहमीची वाट आहे. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या, तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. त्यामुळे अशा मेथडमध्ये शोध, फाइल वाचणे किंवा कसलीही प्रतीक्षा असता कामा नये. माझी मेथड चार आकडे परत करते, एवढेच.

मॉड्यूलचा करार एका टाइपस्क्रिप्ट फाइलमध्ये लिहावा लागतो आणि त्यावरून कोडजेन हे साधन दोन्ही बाजूंचा सांगाडा तयार करतो. ही शिस्त मला फार आवडली. अँड्रॉइडसाठीच्या माझ्या जुन्या कॉटलिन कोडमध्ये सेन्सरचा कालावधी पूर्णांक होता, तर करारातील संख्या कॉटलिनकडे डबल, म्हणजे दशांश संख्या, म्हणून येते. ही विसंगती बिल्ड होतानाच कंपायलरने पकडली. पूर्वी अशी चूक फोनवर ॲप क्रॅश झाल्यावर कळत असे.

यातला एक दोष मात्र कंपायलरला दिसण्यासारखा नव्हता. फोन वळवताना मधूनच एका फ्रेमपुरते सगळे तारे भलत्याच जागी उडी मारत आणि लगेच परत येत. दोन संध्याकाळी शोधल्यावर कारण हाती लागले. सेन्सरचा थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारे काम) एकाच ॲरेमध्ये, म्हणजे आकड्यांच्या यादीत, चार आकडे एकामागून एक लिहीत होता आणि जावास्क्रिप्टचा थ्रेड नेमका मध्येच वाचत होता, त्यामुळे दोन आकडे नव्या स्थितीचे आणि दोन जुन्या स्थितीचे असे क्वाटर्निअन तयार होत होते. आता प्रत्येक वाचनासाठी नवा ॲरे भरतो आणि पूर्ण भरल्यावरच व्होलाटाइल संदर्भ (ज्यातील बदल दुसऱ्या थ्रेडला लगेच दिसतो) त्याकडे वळवतो. त्यानंतर ती उडी एकदाही दिसलेली नाही. फोन थांबतो त्याच क्षणी नकाशाही थांबतो, आणि हे पाहताना झालेला आनंद या छंदातील मोठ्या आनंदांपैकी एक आहे.

फॅब्रिकचा लाभ मात्र जवळजवळ आयताच मिळाला. ताऱ्यावर बोट ठेवले की त्याचे नाव आणि दृश्यप्रत (दिसणारी तेजस्विता) दाखवणारा फुगा उघडतो. फुग्याची रुंदी नावावर अवलंबून असल्याने ती आधी मोजावी लागते, आणि पूर्वी मोजमाप उशिरा येत असल्याने कडेच्या ताऱ्याचा फुगा आधी पडद्याबाहेर उमटून मग आत सरकत असे. आता हे मोजमाप लेआउट इफेक्टमध्ये (पडदा रंगण्याआधी चालणाऱ्या टप्प्यात) तत्काळ मिळते आणि पडदा रंगण्यापूर्वीच फुगा योग्य जागी बसतो. दोन्ही बिल्ड शेजारी ठेवले तर हा फरक कोणालाही दिसेल.

ॲपमध्ये वापरलेल्या इतरांच्या तयार कोडच्या लायब्ररींपैकी एक अडली. ती ब्रिजची वस्तू थेट हाताळत होती आणि नव्या रचनेत ती वस्तूच नसल्याने ॲप उघडताच बंद पडत होते. तिचे काम छोटे होते, म्हणून ते मी स्वतःच्या मॉड्यूलमध्ये घेतले. आणखी एक लायब्ररी अजून जुळवणीच्या थरावरच चालते.

०.७६ साठी किमान अँड्रॉइड ७ किंवा आयओएस १५.१ लागते. ज्या चाचणीकारांचे फोन त्याहून जुने आहेत, त्यांच्यासाठी ०.७२ वरील शेवटचा बिल्ड तसाच ठेवला आहे. नवा बिल्ड इतर सर्वांना पाठवला असून, रात्री अंधारात फोन सलग बराच वेळ वापरताना तो किती तापतो याकडे लक्ष देण्याची विनंती त्यांना केली आहे, कारण प्रत्येक फ्रेमला सेन्सर विचारण्याची ही पद्धत नवी आहे. त्यांच्या नोंदी आल्या की त्या उरलेल्या लायब्ररीचा प्रश्न सोडवून ०.८२ ची तयारी सुरू करीन.