मेलेला मावळा परत कधी आणायचा?

गेले आठ महिने मी एक बोर्ड गेम बनवतीये. अजून त्याला नाव नाहीये, लॅपटॉपवर फाइलचं नाव "गेम फायनल नवीन ७" असं आहे त्यावरून काय ते समजा. विषय १६८१ ते १७०७, म्हणजे औरंगजेब दख्खनमध्ये उतरला तिथपासून नगरजवळ त्याचा शेवट झाला तिथपर्यंत. दोन वर्षांचा एक टर्न, म्हणून १३ टर्न. नकाशात वर बुऱ्हाणपूर, खाली पन्हाळा, आणि जिंजी फार लांब म्हणून कोपऱ्यात तिचा वेगळा चौकोन. एक जण मुघल, एक जण मराठे. इथपर्यंत सगळं मजेत होतं. नकाशा रंगवणं, किल्ल्यांची चित्रं काढणं, अप्पा बळवंत चौकात जाऊन कार्डबोर्ड आणणं, हे सगळं हौसेचं काम. खरं डोकं फिरलं ते दोन प्रश्नांवर, की कुठल्या तुकडीत किती दम शिल्लक आहे हे कुठे लिहून ठेवायचं आणि मेलेली तुकडी परत आणायची की नाही.

पहिला प्रश्न ऐकायला फालतू वाटतो ना? मलाही वाटला होता. प्रत्येक तुकडीची ताकद ४, मार खाल्ला की एकेक कमी. मग मी सरळ एक कागद केला, मराठ्यांच्या १२ तुकड्या, मुघलांच्या १६, समोर चौकोन, पेन्सिलीने खोडायचं. पहिल्याच खेळात भाच्याने विचारलं, "मावशी, घोडदळ तीन म्हणजे हे की ते?" कारण बोर्डावर चार सारखी बटणं होती (शिवणाच्या डब्यातली, निळी मराठ्यांची, हिरवी मुघलांची) आणि कागदावर घोडदळ १, २, ३, ४. बटणावर नंबर लिहिला तर तो बोटांनी पुसला जायचा. एका लढाईत दोन्हीकडचे आकडे बदलायचे, खेळात साधारण तीसेक लढाया, म्हणजे साठ वेळा खोडरबर. गेम खेळतोय की वाण्याची उधारीची वही लिहितोय तेच कळेना.

मग मी हुशारी केली, प्रत्येक बटणावर एक छोटा फासा ठेवायचा, वरचा आकडा म्हणजे ताकद. दिसायला मस्त! दहा मिनिटं. मग लाइट गेली, आली, पंखा फुल्लवर सुरू झाला, नकाशाचा कागद फडफडला, आणि साताऱ्यापासून पुरंदरपर्यंत सगळे फासे चटईवर. "माझा चार होता", "नाही, दोन होता", झालं. त्या दिवशीचा खेळ तिथेच संपला. शिवाय लढाईतही फासे टाकायचे असतात, त्यामुळे घाईघाईत कोणीतरी तुकडीवरचाच फासा उचलून टाकायचं. हे तर मीच दोनदा केलं.

शेवटी जे चाललं ते माझं डोकं नाही, जुनी युक्ती आहे. कॅनडात १९७२ साली क्विबेक १७५९ नावाचा गेम आला होता, त्यात लाकडी ठोकळे उभे ठेवायचे, स्टिकर फक्त आपल्या बाजूला. स्टिकरच्या चार कडांवर ताकदीच्या खुणा, जी कड वर ती आत्ताची ताकद. मार बसला की ठोकळा पाव फिरवायचा. बस. ना कागद, ना वरती फासा, आणि समोरच्याला तुमच्या ठोकळ्याची फक्त कोरी पाठ दिसते. म्हणजे माझ्या खेळात मुघलाला कळतच नाही की सिंहगडावर ताकद चारचं पायदळ बसलंय की मरायला टेकलेलं घोडदळ. गनिमी काव्यासाठी मी वेगळे नियम लिहायला घेतले होते, लपणं, हेरगिरी, दीड पान झालं होतं, ते सगळं फाडून टाकलं. ओळखीच्या सुताराकडून लाकडी पट्टीचे तुकडे करून घेतले, पॉलिश पेपर मारला, एका रविवारी बसून स्टिकर चिकटवले. तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे, जे लक्षात ठेवावं लागतं ते बोर्डावर दिसलंच पाहिजे, नाहीतर तो नियम काढून टाकायचा.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे मी खरंच चार महिने घालवले.

आधी बुद्धिबळासारखं केलं, मेला तो मेला. त्याचा परिणाम असा की चौथ्या टर्नला ज्याच्या तीन तुकड्या जास्त मेल्या तो हरलेलाच असतो आणि तरी पुढचा सव्वा तास त्याने बसायचं. माझी जाऊ एका खेळात पाचव्या टर्नपासून नुसती शेंगा सोलत होती. मी विचारलं, चाल करतेस ना, तर म्हणाली, "तूच कर माझी, काय फरक पडतोय." लागलं मला ते, पण बरोबर होतं.

मग उलटं टोक, मेलेली तुकडी पुढच्या टर्नला परत. आता मारण्यालाच अर्थ उरेना. मग पैशाने विकत घ्यायचं केलं, जास्त किल्ले म्हणजे जास्त महसूल, जास्त महसूल म्हणजे जास्त तुकड्या, म्हणजे जो जिंकतोय तोच अजून जिंकणार, शेंगा सोलायचा प्रोग्रॅम परत चालू. मग लुडोसारखं, सहा पडला की बाहेर. बाबांना सलग पाच टर्न सहा पडला नाही. बाबा शांत माणूस आहेत, उठून चहा ठेवायला गेले आणि परत आलेच नाहीत.

उत्तर दिलं आत्याने. गणपतीत सगळे जमले होते, मी परत चटई पसरलेली, आणि आत्या, जी शाळेत असताना कऱ्हाडला कबड्डी खेळायची आणि अजूनही टीव्हीवर मॅच असली की कोणाला चॅनल बदलू देत नाही, ती नुसती बघत होती. माझं रडगाणं ऐकून म्हणाली, "अगं, मग संजीवनी ठेव की. समोरचा एक मारला की आपला एक उठतो. एवढं सोपं आहे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. कबड्डीचे जुने तीन प्रकार, संजीवनी, गामिनी, अमर, हे शाळेत कुठेतरी पाठ केलेलं, पण ते काय आहेत याचा विचार कधी केलाच नव्हता. गामिनीत बाद झालेला बाहेरच, अख्खा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नाही, फक्त समोरच्याला पॉइंट. संजीवनीत समोरचा एक बाद केला की आपला एक परत येतो. म्हणजे मी चार महिने कागद फाडून जे शोधत होते त्यातलं बरंचसं हुतुतूच्या मैदानावर कधीच खेळून झालेलं होतं. आणि यात एक बारीक गोष्ट आहे जी टीव्हीवर बघताना लक्षात येत नाही, परत कोण येणार हे कोच ठरवत नाही, ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने उठायचं. रांग. जो आधी गेला तो आधी.

तर आता माझ्या बोर्डाच्या कडेला एक लांब पट्टी आहे, तिला आम्ही बाक म्हणतो. मराठ्यांच्या तुकड्या कमी करून सात केल्या (हो, कबड्डीमुळेच), तीन घोडदळ, तीन पायदळ, एक तोफखाना. मेला की बाकाच्या शेवटी. मुघलाची एक तुकडी मारली की बाकावरचा पहिला उठतो, ताकद २ वर. चौथ (महसुलाचा चौथा हिस्सा, मराठे वसूल करायचे तो) गोळा केली तर पॉइंट मिळतो पण कोणी उठत नाही, कारण कबड्डीतही बोनसच्या पॉइंटला कोणी उठत नाही. रांगेने जी मजा आली ती मी ठरवून आणलेली नव्हती. तोफखाना आधी मेला असेल तर तुम्हाला घोडदळ कितीही हवं असू दे, आधी तोफखानाच उठणार. त्यामुळे लोक आता कोण आधी मरावं याचा विचार करून लढतात.

फक्त, जो हरतोय तो समोरच्याला मारूच शकत नसेल तर त्याचं कोणी उठणारच नाही, मग परत शेंगा. यालाही आत्याकडे उत्तर तयार, लोण. सातही बाद झाले की समोरच्याला जादा २ पॉइंट आणि सगळेच्या सगळे सात परत मैदानात. किंमत मोजा आणि पुन्हा उभे राहा. आम्ही तसंच्या तसं उचललं.

मुघलांना मात्र बाक दिला नाही, त्यांचं तसं नव्हतंच. त्यांची कुमक उत्तरेतून यायची. म्हणून मुघलाची तुकडी मेली की तिचा ठोकळा टर्नच्या पट्टीवर पुढच्या चौकोनात ठेवायचा, तोफखाना असेल तर दोन चौकोन पुढे. तो टर्न आला की ठोकळा बुऱ्हाणपूरला उतरतो आणि तिथून चालत या खाली. पट्टीवर ठोकळा स्वतःच बसलाय, त्यामुळे "माझी कुमक कधी येणार होती" हे कोणाला लक्षात ठेवावं लागत नाही. तोफांना चार वर्षं लागतात यावर भाच्याचा आक्षेप आहे. असू दे.

आणि एक नियम मला स्वतःला फार आवडतो. किल्ला सोडून देणे. १७०० मध्ये सातारा गेला तो कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर, त्यात मुघलांचा एक सुरुंग तर त्यांच्याच लोकांवर कोसळला, आणि त्या काळात किती किल्ले पैसे घेऊन, शिबंदीला सुखरूप बाहेर काढून मग दिले गेले. किल्ला गेला, माणसं राहिली, बादशहा पुढच्या किल्ल्याकडे वळला की मागचा परत घ्यायला मोकळी. म्हणून गेममध्ये मराठ्याने स्वतःहून किल्ला सोडला तर मुघल त्याला एक नाणं देतो आणि ती तुकडी बाकाच्या शेवटी नाही, सगळ्यात पुढे बसते. यावर मुघल खेळणारा दरवेळी चिडतो, पैसे पण मीच द्यायचे? हो, तुम्हीच.

एक भोक होतं ते भाच्याने शोधलं. उठलेली तुकडी ज्या किल्ल्यात येते त्याच्या दारातच तो मुघलांचं घोडदळ घेऊन उभा, आली की मार, आली की मार. ताकद २ चा ठोकळा काय टिकणार. आता उठलेली तुकडी कुठल्याही आपल्या किल्ल्यात किंवा जंगलाच्या चौकोनात येऊ शकते आणि त्या टर्नला तिच्यावर हल्ला करता येत नाही. जंगलाचे चौकोन आधी नुसते शोभेला हिरवे रंगवले होते, आता त्यांना काम मिळालं.

दुसरं भोक अजून बुजलेलं नाही. बाकावर पाच जण बसले की भाचा उरलेल्या दोन तुकड्या मुद्दाम नेऊन तोफेसमोर उभ्या करतो. दोन पॉइंट गेले तर गेले, सातही ताज्या चारच्या ताकदीने परत! मी म्हटलं ही चीटिंग आहे. आत्या म्हणाली चीटिंग कसली, शेवटचा एकटा उरला की आम्हीही कधीकधी लोण घेऊन मोकळ्या व्हायचो. मग लोणनंतर सगळे ताकद ३ वर येतील असं केलं, तरी तो करतोच. आता मुघलाला लोणबरोबर एक किल्लाही निवडून घेता येईल असं करून बघतीये, पण मग शेवटच्या दोन टर्नमध्ये ते फार जड होतं. रविवारी परत बसणार आहोत, या वेळी मुघल आत्या. तिने आत्ताच फोन करून विचारलंय की बुऱ्हाणपूरहून खाली यायला किती टर्न लागतात, आणि हे ती का विचारतीये ते मला अजिबात आवडलेलं नाही.