मी हितंच हाय

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रंकाळ्यावर सकाळी फिरताना भेटणारी तरुण मंडळी, शेजारची कॉलेजातली पोरगी, मुलाचे मित्र, कुणी ना कुणी विचारतंच, "तात्या, आपण म्हातारे झालो असं तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी धास्ती असते. बहुतेकदा त्याचे आईवडील त्या उंबऱ्याशी येऊन ठेपलेले असतात. म्हणून मी हा प्रश्न कधी हसण्यावारी नेत नाही.

कागदावर मी कधी म्हातारा झालो ते तारखेनिशी सांगता येतं. माझी जन्मतारीख १ जून १९५१. माझ्या पिढीतल्या, खेड्यात वाढलेल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनच असतो. पोराचं नाव शाळेत घालायला नेलं की जन्माचा दाखला कुणाकडंच नसायचा. शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजी अंदाजानं साल धरायचे आणि पुढं १ जून लिहून मोकळे व्हायचे. आई मात्र म्हणायची, "नागपंचमीच्या आदल्या दिशी झालास, पाऊस नुसता कोसळत हुता." म्हणजे गुरुजींनी मला दोन महिन्यांनी मोठं करून ठेवलं. एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला आपल्याकडच्या कचेऱ्यांत हारतुऱ्यांना पूर येतो. २००९ च्या ३१ मेला मीही एसटीतून निवृत्त झालो. आईच्या हिशोबानं अठ्ठावन्न पूर्ण व्हायला तेव्हा दोन महिने बाकी होते.

त्यानंतर शिक्के बसत गेले. साठीला ज्येष्ठ नागरिक, कारण २००७ च्या कायद्यानं तसं ठरवलंय. पासष्टीनंतर एसटीत अर्धं तिकीट. यंदा पंचाहत्तरी झाली आणि एसटीचा प्रवास मोफत. ही सवलत ऑगस्ट २०२२ पासून आहे आणि तिच्या हिशोबात मी 'अमृत ज्येष्ठ नागरिक'. जगलो वाचलो तर ऐंशीला आयकर खातं मला 'अति ज्येष्ठ' म्हणेल. रेल्वेनं साठीच्या पुरुषांना दिलेली सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, तेव्हा बरोबरीचे बरेचजण हळहळले. गुडघे तेच, खिसा तोच, सवलत तेवढी गेली.

यातल्या कुठल्याच नावाचा मला राग नाही. सवलत हक्काची आहे, आणि ती घ्यायची तर वय सांगावंच लागतं. आमच्या कट्ट्यावर प्रत्येकाचं दुखणं वेगळं. एकाला भाजीवालीनं 'आजोबा' म्हटलेलं खपत नाही, दुसऱ्याला 'ज्येष्ठ' हा शब्द सरकारी फॉर्मसारखा वाटतो, तिसऱ्याला 'काका' म्हटलं तर आपलं वय चोरलं असं वाटतं, कारण त्याला नातवंडांचा फार अभिमान. मला स्वतःला 'म्हातारा' हा शब्द आवडतो. संस्कृतातल्या 'महत्तर' पासून तो आलाय असं व्युत्पत्ती सांगणारे सांगतात. महत्तर म्हणजे जास्त मोठा. गावातल्या जाणत्या, मानाच्या माणसाला एके काळी महत्तर म्हणत. 'वृद्ध' मध्येही वाढण्याचाच धातू आहे, 'वृद्धी' मधला. शब्दांनी आमचा अपमान केलेला नाही.

पण आपल्या कोल्हापुरी बोलीत एक गोष्ट घडते, तिच्यापाशी मी बराच वेळ थांबलोय. आपण 'म्हातारा' फारसं म्हणत नाही, 'म्हातारं' म्हणतो. "म्हातारं जेवलं काय?" "आमचं म्हातारं लई हट्टी हाय." नपुंसकलिंग. तसंच 'पोरगं', तसंच 'लेकरू'. माणूस अगदी लहान असतो तेव्हा आणि अगदी थकतो तेव्हा भाषा त्याला 'ते' म्हणते. त्यात माया आहे, ती मला कळते. माझ्या वडिलांना मीही तसंच म्हणायचो आणि त्यांच्यावर माझा जीव होता. मात्र पोरग्याबद्दल आपण त्याच्या देखत दुसऱ्याला विचारतो, तसं म्हाताऱ्याबद्दलही त्याच्या देखत दुसऱ्याला विचारायला लागतो. माया कुठं संपली आणि हे कुठं सुरू झालं, ते घरातल्यांना कळतसुद्धा नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दोन वर्षांपूर्वीचा मंगळवार. रक्तदाबाच्या तपासणीसाठी मुलगा मला डॉक्टरांकडं घेऊन गेला होता. डॉक्टर तरुण, हाताला गुण असलेले. त्यांनी पट्टा गुंडाळला, आकडा लिहिला आणि माझ्या डोक्यावरून मुलाला विचारलं, "आजोबांना रात्री झोप लागते का?" मुलगा म्हणाला, "लागते की." तो खोटं बोलला नाही, त्याला तसंच वाटत होतं. वरच्या मजल्यावर झोपणाऱ्याला खाली कोण किती वेळा उठतं ते कसं कळणार? मी रात्री चार-चार वेळा उठत होतो, पहाटे तीनपासून छताकडं बघत पडत होतो. आणि त्या खुर्चीत बसून मी काहीच बोललो नाही. मला विचारलंच नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही. डॉक्टर चुकले असतील, पण ते गप्प बसणं माझं होतं. त्या दिवशी मी म्हातारा झालो. साठीला नाही, पंचाहत्तरीलाही नाही.

रात्री झोप नव्हतीच. पडल्या पडल्या मला माझी तिकीट खिडकी आठवली. आरक्षणाच्या खिडकीवर मी बरीच वर्षं काढली. म्हातारं माणूस आणि बरोबर तरणा मुलगा आला की मी मुलालाच विचारायचो, "ह्यांचं वय काय? कार्ड आणलंय?" रांग मोठी असायची, तरणा माणूस पटकन उत्तर द्यायचा. एकदा गगनबावड्याकडचा एक शेतकरी मुंबईला लेकाकडं निघाला होता. पटका, हातात घोंगडं, सोबत पुतण्या. मी पुतण्याला विचारलं, "म्हाताऱ्याचं वय किती?" तो शेतकरी खिडकीच्या जाळीशी वाकला आणि अगदी सावकाश म्हणाला, "सायेब, मी हितंच हाय."

तो रागावला नव्हता. एवढंच सांगून तो वय सांगायला लागला, कुठल्या दुष्काळात कितवीत होता तिथपासून. मागची रांग कुरकुरत होती. मी तिकीट फाडलं आणि पुढच्या माणसाकडं वळलो. त्या वाक्याचं वजन मला कळायला मी त्याच्या वयाचा व्हावं लागलं. त्याची माफी मागायची राहून गेली, हे मला आजही बोचतं.

कोल्हापुरात मोठ्या वयाला दुसरीही हाक आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. तालमीत केस पांढरे झालेल्या मल्लाला कुणी आजोबा म्हणत नाही, वस्ताद म्हणतात. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर २०१८ मध्ये गेले, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. मोतीबाग तालमीच्या पोरांसाठी ते वस्तादच होते. एन. डी. पाटील सर ऐंशीच्या पुढं असताना टोलच्या विरोधात या शहराच्या रस्त्यांवर उतरले, आणि अख्खं शहर त्यांना 'सर' म्हणून विचारायचं, आता पुढं काय करायचं? या हाका वयाच्या नाहीत, माणसाकडं काय आहे त्याच्या आहेत. वस्तादाला पोरगं विचारतं, "हा डाव कसा काढायचा?" प्रश्न सरळ त्याच्याकडं येतो, मधे पुतण्या नसतो.

सगळे वस्ताद नसतात, हे मला माहीत आहे. मी खिडकीवरचा माणूस. पण माझ्या झोपेतला वस्ताद मीच ना?

पुढच्या वेळी मुलाला काम होतं, म्हणून नात आली. एकवीस वर्षांची, इथलीच, "आजोबा, मी येतो तुमच्याबर" म्हणणारी. डॉक्टरांनी तिच्याकडं बघून विचारायला सुरुवात केली, "आजोबांना..." तेवढ्यात मी खुर्ची थोडी पुढं ओढली आणि म्हणालो, "डॉक्टर, मला विचारा. मी हितंच हाय." ते क्षणभर थांबले, पेन खाली ठेवलं आणि खुर्ची माझ्याकडं वळवली. मग त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, किती वेळा उठतो, कशासाठी उठतो, पुन्हा डोळा का लागत नाही. त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी मागून घेतली. लघवी होण्याची गोळी मी रात्री जेवणानंतर घेत होतो. सहा महिने, रोज.

"ही सकाळी घ्यायची, तात्या," ते म्हणाले.

त्या आठवड्यात मी पहाटे पाचपर्यंत झोपलो.