गंठण गेलं तेव्हा : फिर्यादीपासून मुद्देमाल परत मिळेपर्यंत माझा अनुभव

पोलीस ठाण्यात गेल्यावर आपलं म्हणणं कशावर लिहून घेतलं जातंय, ते आधी बघावं. साध्या कागदावर अर्ज घेतला तर तो अर्जच राहतो. गुन्हा रजिस्टरला नंबर पडला, की तपास कायद्यानं कुणाच्या तरी अंगावर येतो.

माझी आई रोज सकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला जाते. परत येताना कॉलनीच्या वळणावर मोटरसायकलवरच्या दोघांनी पत्ता विचारायचं निमित्त केलं आणि तिच्या गळ्यातलं गंठण हिसडा मारून नेलं. मानेवर लाल वळ उठला होता, एका ठिकाणी कातडी सोलली होती. शेजाऱ्यांनी लगेच ११२ ला फोन लावला. पोलिसांची गाडी आली, त्यांनी वर्णन आणि गाडीचा रंग वायरलेसवर सांगितला आणि आम्हाला फिर्याद द्यायला ठाण्यात जायला सांगितलं.

ठाणे अंमलदारांनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं. आणि मग म्हणाले, "मावशी, ते वळण आमच्या हद्दीत येत नाही. पलीकडच्या ठाण्यात जावा, नाहीतर हितं अर्ज देऊन ठेवा."

आईचे हात अजून थरथरत होते. माझी एक मैत्रीण वकील आहे. मी तिला वाटेतच फोन केला होता, त्यामुळं काय बोलायचं ते ठाऊक होतं. मी म्हटलं, "साहेब, हद्द कुणाचीही असू दे. शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून घ्या आणि तुम्हीच तिकडं वर्ग करा." १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, की दखलपात्र, म्हणजे ज्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा, गुन्ह्याची खबर घटना कुठंही घडलेली असली तरी कुठल्याही ठाण्यात देता येते. खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. मी आवाज चढवला नाही, फक्त कलम सांगितलं. अंमलदार आत जाऊन साहेबांशी बोलून आले आणि फिर्याद घ्यायला बसले. नाहीच घेतली असती, तर तीच माहिती लेखी स्वरूपात पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडं पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं आपल्याकडं जिल्ह्याचे वरिष्ठ म्हणजे अधीक्षकच.

खरं काम फिर्याद लिहिताना असतं, आणि तिथंच माणूस थकून गेलेला असतो. आई तिच्या भाषेत सांगते, समोरचा "अज्ञात इसमांनी पाठीमागून येऊन" असं टाइप करतो. लिहून झाल्यावर वाचून दाखवणं बंधनकारक आहे, म्हणून मी मोठ्यानं वाचायची विनंती केली. आई तिथंच थांबली. "पाठीमागनं न्हवं बाबा, पुढनं आले. पत्ता इचारला की त्यांनी." हा एक शब्द तसाच राहिला असता, तर कॅमेऱ्यात वेगळं आणि फिर्यादीत वेगळं असं झालं असतं, आणि कोर्टात उलटतपासणीला नेमकं तेच धरतात.

मानेवरची जखमही आम्ही आग्रहानं लिहून घ्यायला लावली. नुसतं हिसकावून नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. चोरी करताना मुद्दाम इजा केली असेल, तर कलम ३०९ ची जबरी चोरी लागू शकते आणि तिथं शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. कुठलं कलम लावायचं ते पोलीस ठरवतील, पण जखम कागदावरच नसेल तर ते तरी कशावरून ठरवणार? ठाण्यातून यादी, म्हणजे वैद्यकीय तपासणीसाठीचं पोलिसांचं पत्र, घेऊन आम्ही सीपीआर सरकारी रुग्णालयात गेलो आणि तपासणी करून घेतली.

दागिन्याचं वर्णन लिहिताना "सोन्याचे गंठण, अंदाजे वजन" एवढ्यावर थांबू नये. आईनं सांगितलं, की दोन वाट्यांपैकी डावीला पोचा आहे आणि काळे मणी गुजरीतल्या सराफ बाजारातून नव्यानं गाठवून घेतले होते. पोचा कसा पडला हेही तिनं सांगितलं. ते काही लिहिलं नाही, पण पोचा लिहिला गेला. सराफाची पावती आणि गळ्यात गंठण असलेला लग्नातला फोटो सोबत जोडला. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती हातात पडल्याशिवाय आम्ही उठलो नाही.

पंचनामा सुरळीत झाला. वळणावरच्या दुकानदारांनी कॅमेऱ्याचं फुटेज आपणहून दिलं, त्याबरोबर असा इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात चालण्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्रही दिलं. हे लवकर करावं लागतं, कारण नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढत जातं. आईचा पुरवणी जबाब घरी येऊन घेतला. महिलेला आणि साठ वर्षांवरच्या माणसाला जबाबासाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही, ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे. तपासी अंमलदारांना सांगितल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं. तपास कुठवर आला ते फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळवायचं असतं. मी लेखी विचारलं, उत्तरही लेखी आलं.

पुढं संशयित सापडले आणि ओळख पटवायला बोलावणं आलं. टेबलावर बरीच गंठणं मांडलेली होती, लांबून सगळी एकसारखीच. आईनं एकेक वाटी अंगठ्यानं चाचपली आणि पोचा लागताच हात थांबवला. फिर्यादीत लिहिलेली खूण आणि तिनं दाखवलेली खूण जुळली.

सापडलेला मुद्देमाल पोलीस परस्पर देत नाहीत, तो न्यायालयातून सोडवावा लागतो. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात अर्ज केला, त्यावर पोलिसांचं म्हणणं मागवलं गेलं. दागिने ठाण्यात वर्षानुवर्षं पडून राहू नयेत, फोटो, पंचनामा आणि बंधपत्र घेऊन मालकाला द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात सांगून ठेवलंय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये फोटो काढण्याची तरतूद आहे आणि मालमत्तेबाबत आदेश देण्याची मुदतही घातलेली आहे. विकायचं नाही, मोडायचं नाही, घडण बदलायची नाही आणि बोलावलं की हजर करायचं, अशा अटींवर गंठण आईच्या ताब्यात मिळालं.

हिसडा बसला तेव्हा तुटलेली कडी जोडून घ्यावी, असं आईच्या मनात आहे. मैत्रिणीनं सांगितलं, की न्यायालयाच्या परवानगीशिवाय हात लावू नका. खटला उभा राहिला की आईला साक्षीचं समन्स येईल, तेव्हा गंठण सोबत न्यावं लागेल. म्हणून आदेशाची प्रत, बंधपत्र आणि एफआयआर एकाच पाकिटात घालून गंठणाबरोबर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंय, आणि कडीसाठी वेगळा अर्ज तयार करतोय.