तुम्ही विचारलेत म्हणून: एकाच हाताने का?

"दोन हातांनी धरले तर पिस्तूल कमी हलेल, मग एकाच हाताचा हट्ट कशाला?" दहा मीटर एअर पिस्तुलाचा नियमच तसा आहे, एवढ्यावर विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, ज्याला स्पर्धा खेळायच्या नाहीत त्यानेही असेच का शिकावे, हे त्याला हवे असते.

हात हलतो, हे मान्य. तो प्रत्येकाचा हलतो. परंतु सगळा हात सरळ १ मिलिमीटर सरकला, तर छर्राही तेवढाच सरकतो. उलट ट्रिगर ओढताना मनगट ढळून पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण) मागच्या खाचेत १ मिलिमीटर कलली, तर दहा मीटरवर तो फरक सुमारे ३ सेंटिमीटर होतो आणि ११.५ मिलिमीटरचा दहा गुणांचा गोल सोडून छर्रा सातच्या आसपास बसतो. दुसऱ्या हाताचा आधार हा झटका बराचसा गिळून टाकतो. एका हाताने तो लपवता येत नाही, म्हणून सुधारावाच लागतो.

बालेवाडीतल्या एका स्पर्धेत माझा शेवटचा शॉट उरला होता. पाच मिनिटांची सूचना कधीच होऊन गेली होती आणि शेजारच्या लेनवरचा मुलगा पिस्तूल पेटीत ठेवून मागे जाऊन बसलाही होता. मी हात उचलून काळ्या वर्तुळाखाली आणत असे, साइट स्थिर होण्याची वाट पाहत असे, आणि बोट धजत नाही म्हणून पुन्हा खाली घेत असे. खांदा भरून आला होता. पँटच्या खिशात अंगठा अडकवून ठेवलेला डावा हात आपसूक वर निघाला, तेव्हा मला स्वतःचीच कीव आली. अखेर घड्याळाच्या धाकाने ट्रिगर ओढला आणि स्क्रीनवर सहा उमटला. सर काहीच बोलले नाहीत. पुढचे कित्येक आठवडे त्यांनी मला छर्रा न भरता नुसता ट्रिगर ओढायला कोऱ्या भिंतीसमोर उभे केले.

त्यानंतर मी एका हाताचा कडवा प्रचारक झालो. १९३८ मध्ये ग्रेनेडने उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने १९४८ आणि १९५२ ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणारे हंगेरीचे पिस्तूल नेमबाज कारोली टाकाच यांना मी प्रत्येक वादात पुढे करीत असे. त्यातून त्यांची जिद्द सिद्ध होते, माझी पद्धत नव्हे, हे तेव्हा कोणी सांगितले असते तरी मी ऐकले नसते. कामासाठी शस्त्र बाळगणाऱ्याने दोन हातांनीच शिकावे, यावरही माझा आता वाद नाही.

माझी भाची दोन हातांनी शिकते आणि तिचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, माझ्यापेक्षा लहान पडतो. एका हाताने धरायला लावले की तिचा झटका लगेच दिसतो. पण तो दोन हातांच्या सवयीचा की निव्वळ नवखेपणाचा, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.