स्पिंडलची चौथी पिन

स्पिंडल, म्हणजे कोरणारा बिट फिरवणारी मोटार, बंद असताना लाकडावर नक्षी कोरणारे यंत्र दिवसभर बिनचूक चालते आणि स्पिंडल चालू केले की अर्ध्या मिनिटात थांबते, असा निरोप जालन्याहून आला तेव्हा बिघाड नॉइजचा, म्हणजे तारांत शिरणाऱ्या नको त्या विद्युत स्पंदांचा, असणार याची मला जवळजवळ खात्री होती. मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनलच्या वायरिंगची कामे करतो. व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह, बसवला की शेजारचे सेन्सर चुकीचे संकेत देऊ लागतात, हे आमच्या धंद्यात नित्याचे आहे. तरीही त्या दिवशी जे सापडले ते मी आधी कधी पाहिले नव्हते. ज्यांनी घरच्या घरी असे यंत्र बांधले आहे किंवा बांधायचे मनात आहे, त्यांच्या जिवाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून तपशिलाने लिहीत आहे.

यंत्र एका सुतार मिस्त्रींच्या मुलाने बांधलेले होते. वडील सागवानी देव्हारे आणि दारांचे काम करतात. नक्षीसाठी तयार सीएनसी राउटर (संगणकाच्या सूचनांवर कोरणारे यंत्र) घ्यायचा तर काही लाख मोजावे लागतात, हे कळल्यावर आयटीआय झालेल्या मुलाने सुटे भाग जमवून स्वतःच यंत्र उभे करायचे ठरवले. जालन्यात लोखंडाला तोटा नाही. चौकोनी पाइप वेल्ड करून त्याने सांगाडा केला, वेल्डिंगने आलेला वाक रेलखाली पत्र्याच्या शिम घालून काढला, आणि सांगाडा गुण्यात आहे की नाही हे वडिलांनी दोन्ही कर्ण मोजून स्वतः पाहिले. नक्षीचे क्षेत्र ९०० बाय ६०० मिलिमीटरचे होते. इतक्या नीटनेटक्या जोडणीची यंत्रे मी कारखान्यांतही फार पाहिलेली नाहीत, आणि हे मी कौतुकासाठी म्हणून लिहीत नाही. यांत्रिक बाजू पक्की असल्यामुळेच पुढे बिघाड विजेच्या बाजूला शोधता आला.

हिशेबही त्याचा पक्का होता. स्टेपर मोटार एका पावलाला १.८ अंश फिरते, म्हणजे एका फेऱ्याला २०० पावले होतात. ड्रायव्हरवर एका पावलाचे आठ भाग केले की एका फेऱ्याला १६०० पल्स (पावलांचे विद्युत संकेत) होतात, आणि बॉल स्क्रूची पिच, म्हणजे एका फेऱ्यातली सरक, ५ मिलिमीटर असल्याने एका मिलिमीटरला ३२० पल्स लागतात. नियंत्रणासाठी आर्डुइनो उनो हा छोटा नियंत्रक बोर्ड आणि त्यावर २००९ सालापासून विकसित होत आलेला ग्रबल हा मोफत प्रोग्रॅम होता. तो सेकंदाला साधारण ३० हजार पल्स देऊ शकतो, म्हणजे या यंत्राला मिनिटाला साडेपाच मीटरपर्यंतचा वेग सैद्धांतिकदृष्ट्या शक्य आहे. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेने संख्यात्मक नियंत्रणावर चालणारे पहिले मिलिंग यंत्र दाखवले, तेव्हा व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेली त्याची नियंत्रक कपाटे यंत्रापेक्षा मोठी होती. तेच काम जालन्याच्या एका सुतारशाळेत तळहाताएवढ्या बोर्डावर चाललेले पाहताना मला मनापासून आनंद झाला.

मी पोहोचल्यावर मुलाने स्पिंडलच्या जागी पेन बांधून कागदावर १०० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून दाखवले. उभा आणि आडवा व्यास व्हर्नियरने मोजला तर दोन्ही जुळत होते. मग पेन काढून त्याने स्पिंडल चालू केले. ते २.२ किलोवॅटचे, पाण्याने थंड होणारे, ४०० हर्ट्झला मिनिटाला २४ हजार फेरे घेणारे होते. पाणी फिरवायला डेझर्ट कूलरचा पंप बादलीत सोडला होता. व्हीएफडीची बेस फ्रिक्वेन्सी ५० वर राहिली तर असे स्पिंडल जळते, म्हणून ती मी आधी पाहिली. त्याने ती ४०० केलेली होती. बिट फळीत उतरला, महिरपीची पहिली कमान अर्धी कोरली गेली आणि यंत्र जागीच थांबले. लॅपटॉपवर अलार्म १ आला होता, म्हणजे लिमिट स्विच (हालचालीच्या टोकाला बसवलेला, यंत्र थांबवणारा स्विच) दाबला गेला आहे असे ग्रबलचे म्हणणे होते. प्रत्यक्षात गँट्री (स्पिंडल वाहून नेणारा सरकता भाग) मधोमध होती आणि एकही स्विच कशालाही लागलेला नव्हता. असा अलार्म आला की यंत्राने आपली जागा गमावलेली असते. पुन्हा होमिंग करून, म्हणजे यंत्र आरंभबिंदूला नेऊन, तीच नक्षी तंतोतंत पकडणे अवघड, त्यामुळे सागवानाच्या बऱ्याच फळ्या वाया गेल्या होत्या.

“लिमिटची सेटिंगच बंद करून टाक, असं एकाने सांगितलंय काका. केली तर चालेल का?” मुलाने विचारले. मी त्याला स्पष्ट नकार दिला. २१ क्रमांकाची ती सेटिंग शून्य केली की अलार्म येणार नाही हे खरे, पण त्यानंतर गँट्री टोकाला धडकली तरी मोटारी जोर लावत राहतील. शिवाय अलार्म हा रोग नव्हता. कुठून तरी विजेचा स्पंद त्या तारेत शिरत होता आणि तो शिरणे थांबवायचे होते.

नॉइज कुठून येतो ते आधी समजून घ्यावे लागते. व्हीएफडी २३० व्होल्टच्या एसीपासून सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट तयार करतो आणि सेकंदाला हजारो वेळा तोडून मोटारीला देतो. प्रत्येक तोडीला मोटारीच्या गुंडाळीतून तिच्या धातूच्या बॉडीत क्षणभर थोडा विद्युतप्रवाह उडी मारतो. त्याला व्हीएफडीकडे परत जायचेच असते. जाड, आखूड अर्थ वायर मिळाली तर तो मुकाट्याने तिच्यातून जातो. ती मिळाली नाही तर सांगाड्यातून, बेअरिंगमधून, लिमिट स्विचच्या तारांतून, यूएसबी केबलमधूनही वाट काढतो. आर्डुइनोच्या इनपुटला ५ व्होल्टवर धरून ठेवणारा पुलअप अगदी दुबळा असतो, त्यामुळे एवढासा स्पंदही त्याला स्विच दाबल्यासारखाच वाटतो.

मी एकेक गोष्ट बदलत गेलो. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला, तेव्हा अलार्म उशिरा येऊ लागला. लिमिटच्या तारा केबल चेनमधून (हलत्या तारा सांभाळणाऱ्या साखळीतून) बाहेर काढून स्पिंडलच्या केबलपासून लांब धरल्या, तेव्हा आणखी उशिरा आला, पण आलाच. याचा अर्थ प्रवाह हवेतून जितका शिरत होता, त्याहून जास्त धातूतून शिरत होता. तेवढ्यात मिस्त्री भुसा फुंकायला वाकले आणि गँट्रीवर टेकवलेला हात त्यांनी झटकन मागे घेतला. ते शहाबादी फरशीवर अनवाणी उभे होते. “मुंग्या येऊ राहिल्या हाताला. पहिल्यापासूनच येतात, थोड्या थोड्या,” असे ते सहज म्हणाले. ते ऐकून मी मेन स्विच पाडला आणि कारण कळेपर्यंत यंत्राला कोणीही हात लावायचा नाही, असे सांगितले.

नंतर सर्वांना लांब उभे करून मी स्पिंडलची बॉडी आणि सॉकेटचा अर्थ यांच्यामध्ये मल्टीमीटर लावला, तर तो नव्वदच्या आसपास व्होल्ट दाखवू लागला. मुलगा अस्वस्थ झाला, कारण त्याने वायरिंग पुस्तकाबरहुकूम केले होते. शील्डची, म्हणजे तारांभोवती धातूची जाळी असलेली, चार कोअर केबल आणली होती, तीन कोअर तीन फेजला आणि हिरवी-पिवळी वायर चौथ्या पिनला, दुसरे टोक व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला. मी वीज बंद केली, व्हीएफडीचे कपॅसिटर उतरण्याची वाट पाहिली आणि मल्टीमीटर बजरवर (जोड सलग असला की तो वाजतो) ठेवून केबल तपासली. व्हीएफडीपासून कनेक्टरपर्यंत बजर वाजला. मग एक प्रोब स्पिंडलच्या चौथ्या पिनवर आणि दुसरा त्याच्या बॉडीवर ठेवला. बजर वाजला नाही.

स्पिंडलच्या माथ्यावरचे झाकण चार स्क्रूंनी बसवलेले होते. ते उचलल्यावर कनेक्टरची मागची बाजू दिसली. पहिल्या तीन पिनांवर काळ्या बाहीत झाकलेल्या, नीट सोल्डर केलेल्या तीन जाड तारा होत्या. चौथी पिन कोरी होती. तिच्या खोलगट टोकात सोल्डरचा कणही नव्हता. कारखान्यातून निघताना होती तशीच ती चकचकीत होती. बाहेरून अर्थ दिलेला आणि आत तो कशालाही जोडलेला नाही, अशा अवस्थेत ते स्पिंडल विकले गेले होते. मुलाच्या कामात काहीही उणे नव्हते, हे त्याच्या वडिलांना मी तिथेच मोठ्याने सांगितले, कारण ते सांगणे मला यंत्र दुरुस्त करण्याइतकेच गरजेचे वाटले.

झाकणाच्या आत एका स्क्रूखालचा धातू पॉलिश पेपरने घासून उघडा केला, चौथ्या पिनवर हिरवी-पिवळी वायर सोल्डर केली आणि दुसऱ्या टोकाला थिंबल (धातूचे कडे) दाबून दातेरी वॉशरसह स्क्रूखाली आवळले. बजर वाजला. मग सांगाडा पाहिला. त्यालाही अर्थ वायर होती, पण थिंबल रेड ऑक्साइडच्या थरावर बोल्ट केलेले होते आणि रंग वीज वाहत नाही. लिमिटच्या केबलची शील्ड याच सांगाड्याला जोडलेली असल्याने, जी जाळी नॉइज अडवायची तीच तो आत नेत होती. बोल्टखालचा रंग लोखंड दिसेपर्यंत खरवडला. लिमिटची शील्ड सांगाड्यावरून काढून फक्त कंट्रोल पॅनलच्या टोकाला अर्थ केली. स्पिंडलच्या केबलची जाळी मात्र दोन्ही टोकांना, तीही लांब शेपूट न काढता, पट्टीने पूर्ण आवळून बसवली. सर्व अर्थ वायर पॅनलमधल्या एकाच तांब्याच्या पट्टीवर आणल्या. लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेले, दाबल्यावर तुटणारे) करून घेतले, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबेल.

आता बॉडीवर व्होल्टेज जवळपास शून्य झाले. पण पॅनलची पट्टी शेवटी जमिनीत जिथे जाते ती जागा पाहिल्याशिवाय मला निघायचे नव्हते. मे महिन्यात आपल्याकडची काळी जमीन बोटभर भेगाळते आणि अर्थसाठी पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून माती सुटते. ओळखीच्या ठेकेदाराकडून अर्थ टेस्टर मागवून मोजले, तर अर्थच्या खड्ड्याचा रोध २२ ओहम भरला. २३० व्होल्टची फेज बॉडीला लागली तर अशा अर्थमधून जेमतेम १० अँपिअर वाहतील, आणि त्यांच्या बोर्डातली १६ अँपिअरची एमसीबी तेवढ्याने पडणार नाही. यंत्राची बॉडी जिवंत राहील आणि कोणाला कळणारही नाही. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतायची रीत आपल्याकडे आहे. आम्हीही ओतले, संध्याकाळपर्यंत आकडा ९ वर आला. परंतु पाणी सुकले की तो पुन्हा चढणार. त्यामुळे मी आरसीसीबीचा, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचा, आग्रह धरला. बादलीतल्या पंपाला आणि सॉकेटना ३० मिलिअँपिअरची, व्हीएफडीच्या लाइनला १०० ची, कारण व्हीएफडीच्या स्वतःच्या गळतीने ३० ची वारंवार पडते. पाणी आणि वीज ज्या बादलीत एकत्र आहेत तिथे या बाबतीत तडजोड नको, असे मला ठामपणे वाटते.

आरसीसीबी त्याच संध्याकाळी बाजारातून आणून बसवल्या आणि मिस्त्रींनी चांगली सागवानी फळी काढून दिली. महिरप पूर्ण कोरली जाईपर्यंत यंत्र एकदाही थांबले नाही. लॅपटॉप चार्जरवर होता, लिमिटच्या तारा पुन्हा केबल चेनमध्ये होत्या, आणि मिस्त्रींनी गँट्रीवर तळहात टेकवून पाहिला.

पुढच्या आठवड्यात मुलाने स्पिंडल जिथून घेतले त्या दुकानात जाऊन सगळी हकिकत सांगितली. दुकानदाराने त्याच्यासमोर नवे खोके फोडून मल्टीमीटर लावला, तर त्याही स्पिंडलची चौथी पिन रिकामी निघाली. तेव्हापासून ते दुकान प्रत्येक स्पिंडल देण्याआधी बजरवर तपासते आणि पिन रिकामी असेल तर आतून वायर सोल्डर करून देते. मिस्त्रींच्या कार्यशाळेमागे नवा, अधिक खोल इलेक्ट्रोड पाऊस पडण्याआधी पुरायचे ठरले आहे, आणि त्याचा रोध मी पुढच्या मे महिन्यातच पुन्हा मोजणार आहे.