साक्यावरची वाइन

काल फोन लावला तेव्हा अण्णा बागेत होते. दिंडोरीकडे वाइनच्या द्राक्षांची काढणी सुरू झालीये, मागून क्रेट आपटल्याचा आवाज येत होता. इकडे फ्रान्समध्ये, नाँत शहराकडे, सप्टेंबरात काढलेल्या द्राक्षांची वाइन अजून हौदातच आहे.

"मग गाळून नाही का घेत?" अण्णांनी विचारलं.

"नाही अण्णा, साक्यावरच, तळाच्या गाळावरच ठेवतात."

हे मी शनिवारीच पाहून आलो होतो. मुस्कादे या इथल्या पांढऱ्या वाइनचे जुने हौद जमिनीखाली असतात. शेतकऱ्याने झाकण काढलं, नळीने थोडी वाइन ओढून पेल्यात सोडली. भाताच्या पेजेसारखी गढूळ, वास रात्रभर आंबलेल्या पिठाचा. तळाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ली."

ली म्हणजे साखर खाऊन संपल्यावर मरून तळाला बसलेलं यीस्ट आणि द्राक्षाच्या गराचे बारीक कण. हिवाळाभर या मेलेल्या पेशी फुटत राहतात आणि वाइनला अंग येतं, म्हणजे ती तोंडात भरीव लागते, ताज्या पावाचा वास येतो. बाटलीवर 'स्युर ली', म्हणजे 'साक्यावर', असं लिहायचं तर वाइनने एक हिवाळा तसाच काढायला हवा. 1 मार्चच्या आत ती बाटलीत भरता येत नाही. दुसऱ्या काही भागांत काठीने साका ढवळतातही, अगदी रवी फिरवावी तसा.

मला मात्र त्या शब्दानेच धरून ठेवलं. फ्रेंच ही लॅटिनची लेक, पण हा शब्द आईकडचा नाही. गाळाला लॅटिनमध्ये 'फेक्स' म्हणत. डॉक्टरांच्या तोंडी विष्ठेसाठी असलेला इंग्रजी शब्द त्यातूनच आला. 'ली' गॉलिश भाषेतला मानतात. सीझरने इ.स.पू. पहिल्या शतकात हा मुलूख जिंकण्याआधी इथले लोक ती भाषा बोलत. आडवं होणं, पडून राहणं या अर्थाच्या फार जुन्या धातूशी अभ्यासक त्याचं नातं जोडतात. पुढे इंग्रजीने तोच शब्द 'लीज' म्हणून घेतला. गॉलिश बोलणारं आज कोणी उरलं नाही, पण द्राक्षवाल्याच्या तोंडी तिचा हा शब्द रोज आहे. मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

फ्रेंचमध्ये समाजातल्या हलक्या मानलेल्या लोकांनाही 'ली' म्हणतात. ते मला पटत नाही. ज्याच्या जिवावर वाइनला चव येते, त्याचं नाव शिवीसारखं का वापरावं?

अण्णा सगळं ऐकत होते. आपल्याकडचा शेनां ब्लाँ हा वाइनच्या द्राक्षाचा वाण मूळचा इकडच्याच लुआर नदीच्या खोऱ्यातला, हे त्यांना ठाऊक होतं. "म्हणजे द्राक्ष तिकडून आलं, शब्द तिकडेच राहिला," ते म्हणाले. मग मला दोनदा उच्चार करायला लावला आणि छाटणीच्या वहीत, गोडी बारच्या, म्हणजे फळछाटणीच्या, तारखांखाली, लिहून घेतलं: ली, म्हणजे साका.